तुमचे प्रश्न: माझा ‘जी’ १०.८ का येतोय?

या महिन्यात आलेल्या पत्रांमध्ये निम्म्याहून जास्त अकरावीच्या फिजिक्सची आहेत, त्यातही बल, गती आणि प्रॅक्टिकलमधली मोजमापं, त्यामुळे बाकीचे विषय पुढच्या वेळी घेऊ, आज हेच. (‘जी’ म्हणजे गुरुत्वीय त्वरण, पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला जितका वाढतो तो आकडा.) पहिल्या पत्राला मी जरा जास्तच जागा देणार आहे, कारण तशीच वेळ खूप मुलांवर येते आणि बहुतेक जण गप्प बसतात.

प्रश्न: मॅडम, आमचं सिंपल पेंड्युलमचं, म्हणजे दोऱ्याला टांगलेल्या गोळ्याच्या लंबकाचं, प्रॅक्टिकल झालं. लांबी १०० सेमी घेतली होती, २० ऑसिलेशन्सना (एकदा जाऊन परत येणं म्हणजे एक) ३८.२ सेकंद लागले. तीनदा केलं तर ३८.१, ३८.२, ३८.३ असंच आलं. त्यावरून जी काढला तर १०.८ येतो. सर म्हणाले कुठेतरी चुकलंय, आता वेळ नाही, जर्नलमध्ये ४०.१ लिहा म्हणजे ९.८ येईल. मी लिहिलं पण मला पटलं नाही. आमचं नक्की काय चुकलं होतं? (अकरावी सायन्स, सांगली)

उत्तर: तुला पटलं नाही हे वाचून मला फार बरं वाटलं, आणि तू खरे आकडे जपून ठेवलेस हे तर त्याहून चांगलं, कारण त्या आकड्यांवरूनच चूक सापडते. आपण एकेक संशयित घेऊ.

आधी लांबी. जी हा लांबीच्या सरळ प्रमाणात असतो, म्हणजे फक्त लांबीमुळे ९.८ चं १०.८ व्हायचं असेल तर तुमची खरी लांबी ९१ सेमीच्या आसपास असायला हवी होती आणि तुम्ही ती १०० समजलात. मीटरपट्टीवर नऊ सेंटीमीटर चुकणं अवघड आहे. गोळ्याची त्रिज्या धरायची राहिली म्हणावं, तर ती एक सेंटीमीटरच्या आत-बाहेर असते, आणि ती विसरली तर जी कमी येतो, जास्त नाही. म्हणजे लांबी सुटली.

मग स्टॉपवॉच. बटण दाबताना आपला हात साधारण ०.२ सेकंद इकडेतिकडे होतो. तुला सरांनी ४०.१ लिहायला सांगितलं, तुझे आले ३८.२, फरक १.९ सेकंदांचा. एवढा उशीर हाताचा होत नाही, आणि झाला असता तरी तिन्ही वेळा सारखाच कसा होईल?

आता या १.९ कडेच नीट बघ. एक मीटरच्या पेंड्युलमचं एक ऑसिलेशन किती वेळाचं असतं? दोन सेकंदांचं. म्हणजे तुमचं बरोब्बर एक ऑसिलेशन हरवलंय! गोळा सोडला, स्टॉपवॉच सुरू केलं आणि त्याच क्षणी मोजणाऱ्याने “एक” म्हटलं असणार. पण तेव्हा एकही ऑसिलेशन पूर्ण झालेलं नव्हतं, तिथे “शून्य” म्हणायचं असतं. मग “वीस” म्हणून वॉच बंद केलं तेव्हा प्रत्यक्षात एकोणीसच झाली होती. आता ३८.२ ला १९ ने भागून बघ, २.०१ सेकंद येतात, हा झाला टी, एका ऑसिलेशनचा वेळ, आणि ४π² (पाय स्क्वेअर) गुणिले लांबी भागिले टी स्क्वेअर केलं की जी येतो ९.७७. म्हणजे वेळेचं रीडिंग खरं होतं, मोजणी चुकली होती, आणि जर्नलमध्ये बदललं गेलं ते नेमकं खरं असलेलं रीडिंग. मला वाईट वाटतं ते याचंच.

सरांवर राग धरू नकोस, एका बॅचमध्ये वीस-पंचवीस मुलं आणि हातात तास-दीड तास, प्रत्येक टेबलापाशी थांबून हे शोधायला कुणालाच वेळ मिळत नाही. पण तू परत लॅबमध्ये जाऊ शकलीस तर दोन गोष्टी कर. गोळा हलता ठेवून “तीन, दोन, एक, शून्य” असं म्हण आणि शून्याला वॉच सुरू कर, ही सवय लागली की हा घोळ कधीच होत नाही. आणि लांबी ५० सेमी करून जुन्या चुकीच्या पद्धतीने मुद्दाम एकदा मोजून बघ, जी परत १०.८ च येईल, कारण वीसला एकोणीस ही चूक लांबीवर अवलंबून नाही. चूक लांबी मोजण्यात असती तर ५० सेमीला जी वेगळा आला असता.

तुझे तीन आकडे इतके जवळ आले तरी उत्तर चुकलं, याचं तुला आश्चर्य वाटलं असेल. जी चूक दर वेळी एकाच दिशेने होते ती शंभर वेळा प्रयोग केला तरी जात नाही, तिला सिस्टिमॅटिक एरर म्हणतात. पुन्हा पुन्हा मोजून कमी होते ती रँडम एरर, म्हणजे हात कधी लवकर कधी उशिरा दाबला जातो ती. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, या दोन्हींचा फरक हमखास विचारतात आणि मुलं व्याख्या म्हणून दाखवतात, तुझ्याकडे तर आता स्वतःचं उदाहरण आहे, तेच सांग.

आणि शेवटी उत्तर कसं लिहायचं ते. वेळेत ०.२ सेकंदाची अनिश्चितता, ३८.२ पैकी, म्हणजे अर्धा टक्का. सूत्रात टी चा वर्ग आहे म्हणून ती दुप्पट, एक टक्का. लांबीत एक मिलिमीटर, म्हणजे ०.१ टक्का. मिळून १.१ टक्का, ९.७७ च्या १.१ टक्का म्हणजे साधारण ०.१. म्हणून उत्तर लिहायचं ९.८ अधिक-उणे ०.१. कॅल्क्युलेटरवर ९.७६७ च्या पुढे कितीही आकडे दिसू देत, ते तुझ्या प्रयोगातून आलेले नाहीत. वीस ऑसिलेशन्स का घ्यायची हेही यातच आलं बघ, एकच घेतलं असतं तर दोन सेकंदांत ०.२ म्हणजे दहा टक्के, आणि दुप्पट होऊन जी मध्ये वीस टक्के, मग ८ काय आणि ११ काय, सगळंच बरोबर ठरलं असतं.

प्रश्न: पुस्तकात जी ९.८, क्लासमध्ये १० घ्या म्हणतात, नेटवर ९.८०६६५ आहे. नक्की कोणता खरा? (बारावी, नाशिक)

उत्तर: ९.८०६६५ हा मोजून आलेला आकडा नाही, तो १९०१ साली वजनं-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत सगळ्यांनी मिळून ठरवलेला आहे, हिशोबाला एकच आकडा हवा म्हणून. खरा जी जागोजागी बदलतो, विषुववृत्तावर ९.७८ आणि ध्रुवांवर ९.८३ च्या आसपास. आपल्याकडे कोकण किनाऱ्यावर ९.७९ धरलास तर चालेल, घाट चढून वर आलं की किंचित कमी होतो.

हे लोकांच्या लक्षात आलं ते पेंड्युलममुळेच. १६७२ मध्ये झां रिशे नावाचा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पॅरिसहून लंबकाचं घड्याळ घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या केयेनला गेला, विषुववृत्ताच्या जवळ, आणि तिथे ते घड्याळ दिवसाला अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. लंबक साधारण तीन मिलिमीटरने आखूड केला तेव्हा वेळ जुळली. रिशेने घड्याळ बिघडलं म्हणून ते सोडून दिलं नाही, महिनोन्महिने मोजत राहिला, आणि पुढे न्यूटनने पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे हे मांडताना हीच निरीक्षणं वापरली. मला हा प्रसंग फार आवडतो, दरवर्षी वर्गात सांगायचे.

तुझ्या गणितांसाठी मात्र सोपं आहे, पेपरात जो दिलाय तो घे. दिला नसेल तर ९.८. एमसीक्यूमध्ये पर्याय एकमेकांपासून लांब असतील तर १० घेऊन पटकन होतं, पण पर्याय ४९ आणि ५० असे असतील तर १० घेऊन फसशील.

प्रश्न: आमची बिल्डिंग १४ मजली आहे. मी आणि माझ्या भावाने बाथरूममधला डिजिटल वजनकाटा लिफ्टमध्ये नेला. माझं वजन ६२ आहे. लिफ्ट वर निघाली तेव्हा क्षणभर ६६ दिसलं, मध्ये सगळा वेळ ६२, आणि वरचा मजला आला तेव्हा ५८. बाबा म्हणतात मध्येही जास्तच दिसायला हवं कारण लिफ्ट आपल्याला वर खेचतेय, काटा बिघडला असेल. कोण बरोबर? (अकरावी, ठाणे)

उत्तर: काटा बरोबर आहे, आणि तुम्ही दोघांनी जे केलंत ते पुस्तकातल्या दहा गणितांच्या तोडीचं आहे. बाबांना जे वाटतं ते जगातल्या बहुतेक माणसांना वाटतं, वस्तू वर जातेय म्हणजे वरचं बल जास्त असणार, त्यामुळे त्यांना हे नीट आकड्यांनी दाखव.

वहीत फक्त स्वतःला काढ, लिफ्ट नको, दोर नको, मोटर नको. तुला कोण कोण ढकलतंय किंवा ओढतंय? पृथ्वी खाली ओढतेय, ६२ गुणिले ९.८ म्हणजे ६०८ न्यूटन. आणि काटा तुझ्या पायांना वर ढकलतोय. बस, दोनच बाण. काटा दाखवतो तो स्वतः किती ढकलतोय तो आकडा, फक्त ९.८ ने भागून किलोत दाखवतो. पृथ्वीची ओढ पूर्ण प्रवासात एका न्यूटननेही बदललेली नाही.

निघताना ६६, म्हणजे काट्याचं बल ६४७ न्यूटन. वरच्या दिशेने ३९ न्यूटन शिल्लक राहिलं आणि ६२ ने भागलं की त्वरण ०.६३ मीटर प्रति सेकंद वर्ग, तू शून्यावरून वेग घेतेयस म्हणून ते लागतंच. मध्ये काटा ६२ दाखवतो, ६०८ वर, ६०८ खाली, शिल्लक शून्य. शिल्लक शून्य म्हणजे वेग बदलत नाही एवढंच, थांबलेय असं नाही. न्यूटनचा पहिला नियम नववीला आपण पाठ करतो तो हाच, तुला तो नवव्या-दहाव्या मजल्याच्या मध्ये काट्यावर दिसला. आणि वरती ५८ का, तर तू अजून वरच जातेयस पण थांबायचंय, वेग कमी होतोय, म्हणून शिल्लक बल खाली. वेग वर आणि त्वरण खाली, हे दोन्ही एकाच वेळी असू शकतं. मुलांचे सगळ्यात जास्त मार्क इथे जातात असं मला माझ्या पेपर तपासण्याच्या अनुभवावरून वाटतं.

एक सांगायचं राहिलं. तुझं ०.६३ मधलं ते ३ सोडून दे. क्षणभर दिसलेलं ६६ हे ६५.५ किंवा ६६.५ पण असू शकतं, आकडा उड्या मारत असतो. ६६ मध्ये अर्धा किलो म्हणजे एक टक्कासुद्धा नाही, पण आपण वापरतो तो फरक, ४ किलो, आणि चारात अर्धा म्हणजे साडेबारा टक्के. दोन जवळजवळच्या आकड्यांची वजाबाकी केली की अनिश्चितता अशी फुगते, ती टक्क्यांत नाही, सरळ आकड्यांत बेरीज करायची असते. म्हणून त्वरण ०.६ अधिक-उणे ०.१ एवढंच म्हण. मोबाइलवर काट्याचा व्हिडिओ घेऊन मग सावकाश एकेक फ्रेम बघितलीस तर यापेक्षा चांगलं मिळेल. आणि खाली येताना काय दिसेल ते आधी बाबांना वहीत लिहायला सांग, मगच लिफ्टमध्ये शिरा.

प्रश्न: माझी मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात होती, विज्ञानात चांगले मार्क असायचे. आता अकरावीला सगळं इंग्रजीत, ती गोंधळून जाते. मी स्वतः कॉमर्सची, तरी तिच्याबरोबर बसते. तिने मला विचारलं, हातगाडीवाला गाडी ढकलतो तेवढ्याच बलाने गाडी त्याला मागे ढकलते असं न्यूटन सांगतो, मग दोन्ही कटून जाऊन गाडी हलायलाच नको. मला उत्तर देता आलं नाही. (एक आई, लातूर)

उत्तर: ताई, तुमच्या मुलीचा प्रश्न अगदी बरोबर जागी आहे आणि तो माध्यमाचा प्रश्न नाही, इंग्रजी माध्यमातली मुलंही इथेच अडतात, फक्त विचारत नाहीत.

दोन बलं एकमेकांना कटायची असतील तर ती एकाच वस्तूवर लागायला हवीत. माणूस ढकलतो ते बल गाडीवर आहे. गाडी ढकलते ते बल माणसावर आहे. गाडी हलेल की नाही हे ठरवताना फक्त गाडीवरची बलं मोजायची, माणसाचं पुढे ढकलणं आणि चाकांना-आसाला होणारा विरोध, आणि पहिलं दुसऱ्यापेक्षा जास्त असेल तर गाडी वेग घेते. माणसाचं काय, तर त्याला गाडी मागे ढकलते पण तो पाय जमिनीत रोवून जमीन मागे रेटतो आणि जमीन त्याला पुढे रेटते. म्हणून तर पावसाळ्यात शेवाळावर त्याचे पाय घसरतात आणि गाडी जागची हलत नाही, ताकद तेवढीच असते पण जमिनीकडून मिळणारं घर्षण गेलेलं असतं. तिला दोन वेगळ्या पानांवर दोन चित्रं काढू द्या, एका पानावर फक्त गाडी, दुसऱ्यावर फक्त माणूस, आणि प्रत्येक बाणाशेजारी “कोणी कोणावर” हे मराठीत लिहू द्या. ज्या बाणाचा “कोणी” सापडत नाही तो बाण खोटा, खोडून टाकायचा. परीक्षेत यालाच फ्री बॉडी डायग्राम म्हणतात.

शब्दांचं म्हणाल तर घाबरू नका. तिला त्वरण माहीत आहे, त्याला ॲक्सिलरेशन म्हणायचं, संवेग म्हणजे मोमेंटम, चाल म्हणजे स्पीड आणि वेग म्हणजे व्हेलॉसिटी. उलट आपल्या शाळेच्या पुस्तकांनी चाल आणि वेग हे वेगळे ठेवलेत त्याचा तिला फायदाच होईल. खरी अडचण रोजच्या बोलण्यातल्या शब्दांची असते. आपण बाजारात वजन म्हणतो ते किलोत, ते खरं तर वस्तुमान आहे, फिजिक्समधलं वजन म्हणजे पृथ्वी ओढते ते बल, ते न्यूटनमध्ये. शक्ती लावून ढकललं असं आपण म्हणतो पण पुस्तकातली शक्ती म्हणजे पॉवर, वॉटमध्ये मोजायची. असे शब्द जिथे भेटतील तिथे वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायचे, महिन्याभरात पान भरेल आणि मग लागणारही नाही.

प्रश्न: गच्चीवरून दगड वर फेकला अशा गणितात जी प्लस घ्यायचा की मायनस? दर वेळी चुकतं. आणि टी ची (वेळेची) दोन उत्तरं येतात त्यातलं मायनस वालं कशाला येतं? (अकरावी, कोल्हापूर)

उत्तर: वर प्लस की खाली प्लस हे तू ठरवायचं, पण गणित सुरू करायच्या आधी एकदाच, आणि पानावर बाण काढून. मुलं दगड वर जाताना मायनस आणि खाली येताना प्लस करतात आणि दोन तुकडे करून सोडवतात, त्याची गरजच नसते, पूर्ण प्रवासाला एकच समीकरण चालतं.

समजा गच्ची २५ मीटर उंच, दगड २० मीटर प्रति सेकंदाने सरळ वर, जी १०. वर प्लस धरलं तर जमीन उणे २५ वर आहे. उणे २५ बरोबर २० टी वजा ५ टी स्क्वेअर. सोडवलं की टी ५ किंवा उणे १. दगड पाच सेकंदांनी जमिनीवर, आणि तेव्हाचा वेग २० वजा ५०, म्हणजे उणे ३०, खालच्या दिशेने.

आता ते उणे १ नुसतं खोडू नकोस, त्याचाही अर्थ आहे. समीकरणाला माहीत नाही की दगड तुझ्या हातातून सुटला, त्याला फक्त तो गच्चीपाशी असतानाचा वेग माहीत आहे. समीकरण म्हणतंय की कुणीतरी एक सेकंद आधी जमिनीवरूनच ३० च्या वेगाने तो वर फेकला असता तरी तो गच्चीपाशी बरोब्बर २० नेच पोचला असता. ३० ने वर आणि ३० नेच खाली, करून बघ.

प्रश्न: १० किलोची पेटी, स्टॅटिक म्यू (स्थिर घर्षणाचा गुणांक) ०.५, जी १०, आडवं २० न्यूटनने ढकललं तर घर्षण किती? मी ५० लिहिलं, चूक दिलं. का? (अकरावी, चिपळूण)

उत्तर: कारण घर्षण ५० असतं तर तू पुढे ढकलतोयस आणि पेटी तुझ्या अंगावर चालून येते असं झालं असतं! ५०, म्हणजे म्यू ०.५ गुणिले पेटीचं वजन १०० न्यूटन, ही स्थिर घर्षणाची मर्यादा आहे. तू २० ने ढकललंस, पेटी हलली नाही, म्हणजे घर्षण २०. चाळीसने ढकलशील तेव्हा ४०. पन्नासच्या वर गेलास की मग पेटी सुटते. स्थिर घर्षणासाठी म्यू गुणिले एन (जमीन पेटीला वर ढकलते ते बल) हे सूत्र फक्त सुटण्याच्या काठावरच लावायचं.

घरी करून बघायचं असेल तर पुठ्ठ्याच्या बांधणीचं पुस्तक घे, त्यावर एक नाणं ठेव आणि एक कड हळूहळू उचल. नाणं सुटेल त्या क्षणी थांब, उचललेल्या कडेची टेबलापासूनची उंची मोज आणि टेबलावरचं आडवं अंतर मोज, उंची भागिले आडवं अंतर म्हणजे म्यू, नाण्याचं वजन किती ते लागतच नाही. समजा उंची ९ सेमी आणि अंतर २२ आलं, तर ०.४१. पण हात हलतो, उंचीत अर्धा सेमी सहज इकडेतिकडे, म्हणजे साडेपाच टक्के, अंतरातही अर्धा धरला तर अजून दोन-सव्वादोन, मिळून आठ टक्क्यांच्या आत, म्हणून ०.४१ अधिक-उणे ०.०३. पाच वेळा कर, पाचही रीडिंग्ज जशी आली तशी लिही, त्यातलं एखादं वेगळंच आलं तरी खोडू नकोस, आणि सगळी मला पाठव, पुढच्या अंकात तीच घेऊन बसू.